वरघोडा

डभोईच्या परसोत्तम मंडपवाल्याकडे अकरा वर्षं होती ती,
लग्नसराईत, घोडीच्या जागी.
वरातीला इकडे वरघोडो म्हणतात
आणि हिच्या बॉनेटखाली साठ घोडे,
सगळे बँडच्या मागे, पहिल्या गिअरात,
क्लच जळेस्तोवर पायी पायी.

मी पाहिली तेव्हा गोदामात
खुर्च्यांच्या थप्प्यांमध्ये उभी.
दोन सीट, कापडी छप्पर, फायबरचं अंग,
काचेवर थर्माकोलचा अर्धा बदाम,
त्यात 'हेतल' एवढंच उरलेलं.
"ले जाव बेन," परसोत्तम म्हणाला,
"आता लोकांना सनरूफवाली लागते.
हिला तर कोणी ओळखत पण नाही."
सॅन स्टॉर्म. गोव्यात बनायची म्हणे.
थोड्याच बनल्या. त्यातल्याही थोड्याच विकल्या गेल्या.

मी मकरपुऱ्यात व्हॉल्व्हची ड्रॉइंगं काढते.
एकोणतीस वर्षं.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी माझं भांडण असतं,
आणि हिच्या डाव्या दाराच्या फटीत माझं एक बोट जातं.
उजव्या दाराच्या फटीत दोन.
तरी घेतली.

खालच्या मजल्यावरचे खानविलकर: "मारुती कापून बनवलीय का?"
काळाघोड्याच्या सिग्नलला रिक्षावाला: "चायनानी छे?"
वहिनी दोनदा फेरी मारून आली गाडीभोवती.
"आणि मागे कोण बसणार?"
"मागे नाहीच."
ती जरा गप्प राहिली.
मग म्हणाली, "बरंय."

याकुतपुऱ्यातला गुलामरसूल मात्र हसला नाही.
इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून, त्याची मूठ कानाशी धरून
बराच वेळ ऐकत राहिला,
डॉक्टर ऐकतात तसं.
"चलाया ही नहीं किसीने," तो म्हणाला,
"सिर्फ़ दिखाया है."

क्लच नवा घातला.
अंगावरचे तडे भरायला
पाण्याच्या टाक्या सांधणारा एकजण मिळाला.
छप्पर अजून गळतं; एक छत्री कायम आतच असते.

रविवारी पहाटे, जानेवारीत, सिंधरोटच्या रस्त्याला.
हिच्यात बसत नाहीत, शिरतात:
आधी एक पाय, मग कंबर, मग देवाचं नाव.
बूड रस्त्यापासून वीतभर वर.
ट्रकच्या चाकाचे नट डोळ्यांसमोर फिरतात,
कुत्री बरोबरीच्या नात्याने बघतात.
काटा सत्तर सांगतो, अंग शंभर म्हणतं;
वरचे तीस फुकट.

साठातले चाळीसेक असतील अजून जिवंत.
पण तिसऱ्या गिअरात, आंब्याच्या झाडांनंतरच्या वळणावर,
ते चाळीस जण एकदम एकमेकांकडे बघतात
आणि स्टिअरिंग माझ्या मनगटाला सांगतं
रस्त्यावर नेमकं काय पडलंय, वाळू की शेण की ऊन.
मी ओरडते. शब्द वगैरे नाही, नुसती ओरडते.
छप्पर नाही, आवाज कुठे अडत नाही,
महीपर्यंत जात असेल.

तर, सत्त्याऐंशीला.
डॅशबोर्डच्या जाळीतून आधी खडखड आली.
वाटलं, गेलं काहीतरी, उतरावं लागणार.
आणि मग भसकन
अकरा वर्षांच्या वराती बाहेर आल्या:
गुलाबाच्या वाळून काळ्या झालेल्या पाकळ्या,
हळदीचे तांदूळ, चमकी, कागदाचे बारीक तुकडे,
माझ्या चष्म्यावर, तोंडात, मफलरमध्ये.
इतक्या नवरदेवांवर उधळलेलं
सगळं हिने गिळून ठेवलं होतं.
चालत्या वेगात ते निघणार कसं?

नदीपाशी थांबले.
जिभेवर तांदळाचा एक दाणा होता.
थुंकावा की काय कळेना,
चावून टाकला.

सोमवारी ऑफिसात
ड्रॉइंगच्या प्रिंटवर एक टिकली पडली, केसांतून.
"काल लग्न होतं का कुठे?" साहेबांनी विचारलं.
"वरात होती," मी म्हटलं,
आणि टिकली न झटकता
तिच्याभोवती पेन्सिलीने बारीक वर्तुळ काढलं.
व्यास दोन मिलिमीटर.